दिशांचा हिशेब

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये सहावे व्रत दिशापरिमाणाचे आहे. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, वर आणि खाली अशा सर्व दिशांना आपण किती अंतरापर्यंत जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवावयाची आणि ती पाळावयाची, असे या व्रताचे स्वरूप आहे. व्यापार करणाऱ्या समाजात हे व्रत का सांगितले गेले, हे समजणे कठीण नाही. ज्याचा माल दूरवर जातो त्याचा लोभही दूरवर जातो. पावलांना कुंपण घातले म्हणजे लोभालाही थोडे कुंपण पडते. आज मात्र पुष्कळ घरांत हे व्रत प्रतिक्रमणाच्या पाठात उच्चारले जाते आणि तेथेच राहते. मुले बंगळुरूला, नातवंडे अमेरिकेत. अशा काळात दिशांना मर्यादा घालावी कशी, असा प्रश्न सर्वांनाच पडतो.

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब या गावच्या एका दांपत्याने या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच मार्गाने शोधले. त्यांच्या इच्छेनुसार येथे नावे दिलेली नाहीत.

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातील गाव. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीचा पूल लागतो, तेच हे गाव. काळी जमीन, कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. या कुटुंबाचे तेथे तीन पिढ्यांचे अडत दुकान आहे. पुढे त्याला खत-बियाण्यांची जोड मिळाली. वडिलांनी एका चातुर्मासात दिशापरिमाण व्रत घेतले होते: पश्चिमेस मुंबई आणि पूर्वेस कलकत्ता, यापलीकडे जावयाचे नाही. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले. त्यांच्यामागे दुकानाचा कारभार थोरल्या मुलाकडे, म्हणजे भाईजींकडे आला. धाकट्याकडे बाहेरची कामे आली. खेडोपाडी जाऊन माल पाहणे, उधारी वसूल करणे, शेतकऱ्यांच्या बांधावर बसून चहा घेणे, हे त्याचे काम. त्यासाठी घरात एक राजदूत मोटारसायकल घेण्यात आली. लग्नानंतर पहिल्यांदा पत्नी त्या राजदूतवर मागे बसून दारव्ह्याला स्थानकात दर्शनाला गेली, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. त्यानंतर पस्तीस वर्षे तो प्रसंग पुन्हा आला नाही. मोटारसायकली बदलत गेल्या, मागची जागा मात्र उधारीच्या वह्यांची पिशवी आणि तुरीचे नमुने यांनीच भरलेली राहिली.

मुलीचे लग्न झाले, मुलगा पुण्याला नोकरीत स्थिरावला. पतीची त्रेसष्टी आली, पत्नीची साठी एक वर्षावर होती. एके दिवशी रात्रीचे प्रतिक्रमण आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, दारव्ह्याच्या पुढे कधी जायचे?" त्यांचा रोख पतीच्या लक्षात आला. त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन लावला. मुलाने नकाशा पाठविला. दक्षिण स्पेनमधील मालागा येथे मोटारसायकल भाड्याने मिळते, तेथून सामुद्रधुनी ओलांडून मोरोक्कोत उतरता येते आणि पंचवीस दिवसांत परतता येते, असा तो बेत होता.

घरात वादळ उठले. भाईजींचे आक्षेप तीन होते. पहिला वयाचा. दुसरा पैशाचा: एवढी रक्कम स्थानकाच्या जीर्णोद्धारात लावली असती तर पिढ्यान्‌पिढ्या नाव राहिले असते. तिसरा आक्षेप सर्वांत जड होता. ते म्हणाले, "वडिलांनी मुंबईची वेस ओलांडली नाही आणि तुम्ही समुद्र ओलांडून फटफटीवर फिरणार. परत या, मग वाटण्या करून टाकू. दुकान एक, रीती दोन, असे चालणार नाही."

तीन पिढ्यांत 'वाटणी' हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला. दोघा नवराबायकोंना त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते दोघे महासतीजींच्या दर्शनाला गेले. प्रवासाची हकीकत सांगून त्यांनी आज्ञा विचारली. महासतीजी मौन राहिल्या. वाहनाच्या प्रवासाला, आरंभ-समारंभाच्या कोणत्याही कामाला साधू-साध्वी 'हो' म्हणत नाहीत, हे त्या दोघांना ठाऊक असावयास हवे होते. थोड्या वेळाने महासतीजींनी एवढेच विचारले, "मर्यादा काही ठरवली आहे का?"

त्या प्रश्नाने दोघांना वाट सापडली. घरी येऊन त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिले: विमानाचा प्रवास सोडून मोटारसायकलने उत्तरेस कोर्दोबापर्यंत, पूर्वेस ग्रानादापर्यंत, पश्चिमेस अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत, दक्षिणेस वारझाझातपर्यंत, उंचीला अडीच हजार मीटरपर्यंत. सूर्यास्तानंतर वाहन चालवावयाचे नाही. रोजचे सामायिक चुकवावयाचे नाही. पत्नीचा चौदा वर्षांचा चौविहार आहे तसाच चालेल. कंदमूळ नाही, मध नाही. दोघांनी खाली सह्या केल्या. पुढच्या पानापासून खर्चाचा हिशेब सुरू होणार होता.

समुद्रापलीकडच्या प्रवासाचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना आले. साधूच्या आचारामुळे ते जाऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या तरुण विद्वानाला पाठविले. वीरचंदभाईंनी शुद्ध आहारासाठी स्वयंपाकी बरोबर नेला. तरीही समुद्रगमनाबद्दल समाजातील काही मंडळींचा रोष त्यांना सोसावा लागला. 1901 साली, वयाची सदतिशीही पूर्ण होण्यापूर्वी त्यांचे निधन झाले. आज त्यांच्याच नावाने आपण अभिमानाने बोलतो. बोरी अरबच्या या दांपत्याने स्वतःची तुलना कोणाशी केली नाही. परंतु मुलाने ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना धीर आला.

तयारीला चार महिने लागले. यवतमाळच्या परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला. स्पेनमधून मोरोक्कोत जाऊन पुन्हा स्पेनमध्येच परतावयाचे असल्याने एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा लागतो. एका प्रवेशाच्या व्हिशावर गेलेला प्रवासी मोरोक्कोतच अडकून पडेल. मोरोक्कोचा ई-व्हिसा वेगळा काढावा लागला. मोरोक्कोचे चलन दिरहम देशाबाहेर सहजी मिळत नाही. म्हणून युरो घेऊन जाणे आणि तेथे उतरल्यावर बदलून घेणे, हाच मार्ग होता. सर्वांत अवघड खरेदी ठरली ती अंगावरच्या कपड्यांची. मोटारसायकलस्वाराचे जाकीट, हातमोजे आणि बूट बहुधा चामड्याचेच असतात. नागपूर, पुणे अशी शोधाशोध करून जाड नायलॉनी कापडाची जाकिटे मिळाली. बिनचामड्याचे हातमोजे शोधण्यात मात्र तीन आठवडे गेले. सामानात खाकरे, मेथीचे ठेपले, मुगाचे पापड, भाजलेला रवा, मेतकूट आणि विजेवर चालणारे एक लहान पातेले होते.

मार्च 2025च्या पहिल्या आठवड्यात ते मालागाला उतरले. पाचशे सीसीची होंडा ताब्यात आली. पहिले दोन दिवस रस्त्याच्या उजव्या बाजूने चालविण्याची सवय करण्यात गेले. प्रत्येक चौकात पत्नी मागून खांद्यावर हात ठेवून सांगत, "उजवीकडे, उजवीकडे."

जेवणाची भाषा त्यांनी आधीच पाठ केली होती. लसूण नको, कांदा नको, अंडे नको. स्पॅनिश भाषेत लसणाला जो शब्द आहे त्याचा उच्चार दक्षिणेकडील लोक जवळजवळ 'आहो' असा करतात. ग्रानादाच्या एका खाणावळीत पत्नीने तीनदा बजावून सांगितले की 'आहो' अजिबात नको, आणि लगेच पतीकडे वळून म्हणाल्या, "अहो, पाणी मागा ना." वाढणारा मुलगा गोंधळून उभाच राहिला. पतीने खुणेने सांगितले की तो 'अहो' म्हणजे मीच. मग ती सारी खाणावळ हसली. त्या दिवशी त्यांना ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, टोमॅटोचा कीस आणि संत्री एवढेच मिळाले; पण आग्रहाने मिळाले. पावात किंवा गोड पदार्थात डुकराची चरबी नाही ना, हे तेथे विचारावेच लागते; चीजमध्ये जनावराच्या जठरातील विरजण वापरतात, म्हणून चीजही त्यांनी वर्ज्य केले.

ग्रानादाचा अल्हाम्ब्रा त्यांनी पाहिला. डोंगरावरून पाटाने आणलेले पाणी अंगणा-अंगणांतून कसे खेळविले आहे, हे पती तासभर पाहत राहिले. अडाणच्या काठावरील माणसाला पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. रोंदा गावी खोल दरीवरचा, 1793 साली पुरा झालेला दगडी पूल पाहिला. त्याच गावात अठराव्या शतकातील बैलझुंजीचे मैदान आहे. त्याच्या फाटकाबाहेरून ते पुढे निघून गेले. स्पेनमध्येही या खेळाबद्दल दोन मते आहेत. 2010 साली कातालोनियाच्या विधिमंडळाने त्यावर बंदी घातली होती. 2016 साली तेथील घटना न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे जीवदयेचा वाद तेथेही चालू आहे, आणि तो चालविणारे तेथलेच लोक आहेत.

त्या मार्चमध्ये दक्षिण स्पेनला एकामागून एक वादळी पावसांनी झोडपले. नद्या भरून वाहत होत्या. कोर्दोबाला जाण्याचा बेत त्यांना सोडावा लागला. तेथील जुन्या मशिदीत, जी 1236 पासून चर्च आहे, साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. रणकपूरच्या 1444 खांबांच्या मंदिराशी त्यांची तुलना करावी, ही पतीची हौस राहून गेली. उत्तरेची मर्यादा वापरलीच गेली नाही.

तारिफा बंदरावरून तँजियरला जाण्यासाठी जहाजाने सुमारे एक तास लागतो. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी चौदा किलोमीटर आहे. पलीकडे उतरल्यावर पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याची नजर जन्मस्थानाच्या ओळीवर थांबली. त्याने मोठ्याने वाचले, "बोरी अरब." मग वर पाहिले. "अरब?" पतीने हसून सांगितले की ते आमच्या गावाचे नाव आहे. अधिकाऱ्याने शेजारच्या खिडकीतील सहकाऱ्याला बोलावून ती ओळ दाखविली. दोघांनी छातीवर हात ठेवून स्वागत केले. गाडीच्या तात्पुरत्या आयातीची पावती देताना तो बजावून म्हणाला, ही हरवू नका, परतताना हिच्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. ती पावती त्या वहीत, मर्यादेच्या पानाशेजारी ठेवली गेली.

मोरोक्कोत रमजान चालू होता. हे त्यांना ठाऊक होते; त्याचा नेमका अर्थ मात्र तेथे गेल्यावर कळला. एरवी मोरोक्कोचे घड्याळ वर्षभर एक तास पुढे असते, रमजानात ते मागे घेतात. उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत तेथील लोक अन्न-पाणी घेत नाहीत. खाणावळी दिवसा बंद. सूर्य मावळला की बांग होते आणि साऱ्या गावात वाडगी-चमच्यांचा आवाज सुरू होतो. आणि नेमक्या त्याच क्षणी या श्राविकेचा चौविहार सुरू होत असे. सकाळी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी पारून त्या पाणी घेत, तेव्हा साऱ्या गावाचा उपास सुरू झालेला असे. दोन धर्मांची दोन घड्याळे, सूर्य एकच. मोठ्या गावांत पाहुण्यांसाठी काही खाणावळी उघड्या असत. बाकी ठिकाणी खाकरे आणि ठेपले उपयोगी पडले. रस्त्यात, उपास करणाऱ्यांच्या समोर खाणे बरे दिसत नाही, म्हणून ते झाडाआड बसून खात.

शेफशावेनची निळ्या रंगाने रंगविलेली घरे, फेस शहरातील जुन्या गल्ल्या, हे सारे त्यांनी पाहिले. फेसमध्ये चामडे कमावण्याचे प्राचीन हौद आहेत. गच्चीवरून ते पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशांच्या हातात दुर्गंधीवर उतारा म्हणून पुदिन्याची काडी देतात. या दोघांनी ती काडी नम्रपणे परत केली. त्याच दिवसांत एक बातमी सर्वत्र चर्चेत होती. सलग काही वर्षांच्या दुष्काळाने देशातील मेंढ्यांची संख्या फार घटली होती; म्हणून राजे मोहम्मद सहावे यांनी त्या वर्षीच्या बकरी ईदला कुर्बानी करू नये, असे आवाहन फेब्रुवारीच्या अखेरीस प्रजेला केले होते. कारण दुष्काळाचे असो वा आणखी कशाचे, असंख्य मुक्या जिवांना त्या वर्षी अभय मिळण्याची आशा होती. पत्नीने त्या दिवशीच्या पानावर हिशेबाखाली दोन शब्द लिहिले: "अनुमोदना आहे."

मार्चच्या मध्यास ते माराकेशहून वारझाझातकडे निघाले. वाटेत उंच अ‍ॅटलास पर्वतातील तिझी न तिश्का ही 2,260 मीटर उंचीची खिंड लागते. सकाळी नवकारसीनंतर थोडा उपमा झाला होता. दुपारी खिंडीत पोहोचून वारझाझातला खाऊ, असा हिशेब होता. वर धुके उतरले, मग हिमाचे कण पडू लागले. खिंडीखालचे फाटक बंद करण्यात आले. दोन तास गाड्या उभ्या राहिल्या. खिंड ओलांडून पलीकडे उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. पत्नीचे हात गारठले होते, तोंडावर रंग राहिला नव्हता. ठेपल्यांची पिशवी पावसात भिजून गेली होती. सूर्यास्ताला अडीच तास उरले होते. सूर्यास्तानंतर वाहन चालवावयाचे नाही, हे वहीत लिहिलेलेच होते.

रस्त्याला लागून मातीच्या घरांचे एक खेडे होते. सप्टेंबर 2023च्या भूकंपाच्या भेगा अजून भिंतींवर होत्या. त्या भूकंपात त्या पर्वतप्रदेशात सुमारे तीन हजार माणसे दगावली. एका घरावर पाहुण्यांना खोली मिळेल अशी पाटी होती. घरात एक तरुण आणि त्याची म्हातारी आई. तरुणाला थोडे इंग्रजी येत होते. पारपत्रावरचे गावाचे नाव वाचून तोही हसला आणि म्हणाला, "आम्ही अरब नाही, आम्ही अमाझिघ. आमची भाषा वेगळी." पती म्हणाले, "मीही अरब नाही. गावाचे नाव तेवढे आहे." तेवढ्यावर ओळख झाली.

तरुणाने आनंदाने सांगितले, आता दोन तास थांबा, बांग झाली की सगळे मिळून जेवू, तुम्ही आमचे पाहुणे. पतीने अडखळत समजावून सांगितले की बांग होईल तेव्हा माझ्या पत्नीचा उपास सुरू होईल. उद्या सूर्य वर येईपर्यंत ती पाण्याचा थेंबही घेणार नाही. रात्री शिजविलेले सकाळी न खाण्याचा आमचा नेम आहे, म्हणून झाकून ठेवलेलेही चालणार नाही. हे सांगताना त्यांना संकोच वाटत होता. कोणाच्या दारात आश्रय मागावयाचा आणि वर त्याच्या पाहुणचाराला अटी घालावयाच्या, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला जड जाते. पत्नी म्हणाल्या, "राहू द्या, एक दिवस उपास घडला म्हणून काय झाले? पर्युषणात आठ दिवस केले आहेत मी." पण त्यांचा आवाज थरथरत होता.

तरुणाने हे सारे आपल्या भाषेत आईला सांगितले. म्हातारीने काही विचारले. त्याने उत्तर दिले. तिने पुन्हा काही विचारले. मग ती उठली, आत गेली आणि चूल पेटल्याचा वास आला.

तिचा स्वतःचा रोजा होता. पहाटेपासून तिच्या पोटात अन्न नव्हते, पाणी नव्हते. चुलीपाशी बसून तिने भोपळा, दोडक्यासारखी एक हिरवी भाजी आणि भिजवलेले हरभरे शिजविले. तिने रव्यासारखा कुसकुस वाफविला आणि मातीच्या भट्टीत भाकरीसारखे पाव भाजले. कांदा नको, लसूण नको, बटाटा, गाजर नको, हे मुलाने सांगितले होतेच. प्रत्येक वस्तू टाकण्यापूर्वी ती पत्नीला दाखवी आणि मान हलली की मगच टाकी. मिठाच्या वेळी ती थांबली. रोज्यात जिभेवर चव घेता येत नाही. तिने मीठ हातात घेऊन पत्नीपुढे धरले. पत्नीने चिमटीने मीठ घातले. एवढेच काम त्यांच्याकडून झाले.

सव्वासहाच्या आत दोघांचे जेवण आटोपले. म्हातारी समोर बसून पाहत होती. भुकेल्या माणसाच्या डोळ्यांत जे असते ते त्या डोळ्यांत नव्हते. पत्नीने पाणी घेतले, हात जोडले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. थोड्याच वेळात दूर बांग ऐकू आली. तेव्हा पत्नी आपण होऊन उठल्या. ताटलीतील खजूर त्यांनी म्हातारीच्या हातात ठेवला, मग दुधाची वाटी तिच्यापुढे धरली. आपल्याकडे तपस्व्याला पारणे करविण्याचे पुण्य मोठे मानतात. श्रेयांसकुमाराने हस्तिनापुरात भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाने पारणे करविले, त्या स्मृतीने आपण अक्षय्य तृतीया पाळतो. अ‍ॅटलास पर्वतातील त्या म्हातारीला यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने खजूर तोंडात घातला आणि पत्नीच्या डोक्यावरून हात फिरविला.

दुसऱ्या दिवशी खोलीचे भाडे त्यांनी घेतले. जेवणाचे पैसे घेण्यास माय-लेकांनी साफ नकार दिला.

वारझाझातला पोहोचल्यावर एक नवा मोह उभा राहिला. त्या गावापुढे पूर्वेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर मर्झूगाचे वाळूचे डोंगर आहेत. सहाराचे जे चित्र आपण पाहतो ते तेथले. भेटणारा प्रत्येक प्रवासी म्हणे, इतके आलात आणि वाळवंट न पाहता परतणार? आकाश निवळले होते, हातात चार दिवस होते. मर्झूगा वारझाझातपेक्षा थोडे उत्तरेलाच पडते. ग्रानादाची पूर्वमर्यादाही ओलांडली जात नाही. पण तेथे नेणारी वाळवंटाची वाट वारझाझातच्या दक्षिणेस उतरणारी होती, आणि पतीचे मन त्याच वाटेवर बसले होते. त्यांनी वही काढली. "हे बघ," ते म्हणाले, "कोर्दोबा राहिले. जाऊन-येऊन तीनशे वीस किलोमीटर उत्तरेच्या खात्यावर शिल्लक आहेत. तेवढे दक्षिणेच्या खात्यात वळते केले तर?"

पत्नी हसू लागल्या. या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एकाचे नावच क्षेत्रवृद्धी असे आहे. एका दिशेची शिल्लक दुसऱ्या दिशेला जोडावयाची, हाच तो दोष. "आयुष्यभर तुम्ही गिऱ्हाईकाला सांगत आलात," त्या म्हणाल्या, "एका खात्याचे पैसे दुसऱ्यात फिरवू नका म्हणून." पतींनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावाच्या दक्षिण टोकाशी मोटारसायकल उभी केली, पलीकडच्या उघड्या, तांबूस माळाकडे थोडा वेळ पाहिले आणि गाडी वळविली. वाळवंट राहिले ते राहिलेच.

मार्च संपण्यापूर्वी ते बोरी अरबला परतले. गावात महावीर जयंतीची तयारी चालू होती. भाईजी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकट्याने ती दोनशे पानी वही त्यांच्या गादीवर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "भाईजी, हिशेब पाहून घ्या. मग वाटणीचे जे ठरवाल ते मान्य आहे."

भाईजींनी चष्मा लावला. हिशेबाची वही पुढे आली की ती वाचल्यावाचून राहणे त्यांना शक्य नव्हते. पहिल्या पानावरील मर्यादा त्यांनी दोनदा वाचली. मग एकेक पान उलटत गेले: पेट्रोल, जहाज, खोली, संत्री, पाव. पेन्सिलीने ते प्रत्येक बेरजेपाशी खूण करीत होते. एका पानावर ते थांबले. तेथे लिहिले होते: खिंडीखालचे खेडे, खोली भाडे दिले, जेवण दोन माणसांचे, पैसे घेतले नाहीत.

"वाळवंट पाहिले का?" त्यांनी वर न पाहताच विचारले.

"नाही. मर्यादेच्या बाहेर होते."

भाईजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग धाकट्या सुनेला बोलावून त्यांनी त्या पानाची सारी हकीकत ऐकली. मिठाची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगावयास लावली. शेवटी ते एवढेच म्हणाले, "ही रक्कम उधार राहिली. फेडल्याशिवाय खाते बंद होत नाही." वाटणीचा शब्द त्या दिवशी निघाला नाही, आणि त्यानंतरही नाही.

उधारी फेडावयाची कशी, हे मात्र कोणाला सुचत नव्हते. मोरोक्कोतून आपल्या देशात फॉस्फेटचा मोठा माल येतो, दुकानात डीएपीचे पोते उतरले की धाकटे भाऊ गमतीने म्हणत, "भाईजी, सावकाराच्या देशाचा माल आला." भाईजी हसत नसत. ते विचारात पडत.

2026 सालचा रमजान फेब्रुवारीत आला. तुरीची आवक जोरात होती. दुकानावर माल उतरविणाऱ्या हमालांत पाच-सहा जण रोजा धरणारे आहेत, वर्षानुवर्षे आहेत. दिवसभर पोती वाहावयाची आणि सूर्यास्ताला तेथेच, काट्याशेजारी उभ्याने खजूर तोंडात टाकून पुन्हा पाठीवर पोते घ्यावयाचे, हे सर्वांनी पाहिले होते आणि कोणी पाहिले नव्हते. पहिल्या रोज्याच्या दिवशी पाच वाजता भाईजी गादीवरून उठले आणि मुनीमजींना म्हणाले, "रोजेवाल्यांना आता सोडा. घरी पोहोचून, बायकामुलांत बसून सोडू द्या रोजा. हजेरी पुरी लावा."

मुनीमजींनी विचारले, "या तासाची मजुरी कोणत्या खात्याला नावे टाकू?"

भाईजींनी खातेवही स्वतःकडे ओढली, एक नवे पान काढले आणि वर मथळा लिहिला: "वारझाझात खाते." जमेच्या बाजूला पहिली नोंद केली, दोन माणसांचे जेवण, आणि रकमेची जागा कोरी ठेवली. नावेच्या बाजूला त्या दिवसापासून तासांच्या मजुरीच्या नोंदी सुरू झाल्या. महिना संपला तरी ते पान बंद झालेले नाही. कोऱ्या जागेत आकडा कोणता लिहावा, हे अजून कोणाला ठरविता आलेले नाही. आणि तोवर हप्ते चालू ठेवावेत, असे दोन्ही भावांचे एकमत आहे.